गोदाक्काचा चहा

जळगाव,
११ जुलै २०२५

कामिनी,

तू माझा नंबर ब्लॉक केला आहेस, म्हणून कागद काढला. धुळ्याचा, देवपूरचा पत्ता तुमच्या वास्तुशांतीच्या पत्रिकेवरून घेतला. घर बदललं असेल तर हे पत्र परत येईल, आणि परत आलं तर मला थोडं बरंच वाटेल.

कालपासून आमच्याकडे चौमासा बसला. सासूबाईंनी याही वर्षी एकासणं घेतली आहेत, दिवसातून एकदाच जेवण. गेल्या वर्षी याच सुमारास मी तुला फोन करून म्हटलं होतं, “घरात सगळे काही ना काही तप घेताहेत. मला तर भूक सहन होत नाही. मी काय घेऊ?” तू हसून म्हणालीस, “तू पुस्तकांचं घे. कॉलेजात वाचायचीस तसं वाच.”

लोक मला विचारायचे, ही कल्पना तुम्हाला सुचली कशी. मी सांगायचे, अशीच सुचली. तुझं नाव मी एकदाही घेतलं नाही.

सुरुवात चांगली झाली होती गं. रोनक डाळमिलवर गेले की मी गच्चीवरच्या खोलीत जाऊन बसायचे. लग्नानंतर सतरा-अठरा वर्षांनी मी पुस्तक घेऊन अशी बसले असेन. पहिल्या दहा-बारा दिवसांत जे वाचलं ते अजून जसंच्या तसं आठवतं. मग वाचून काय वाटलं ते तुला फोनवर सांगण्याऐवजी मी ते इन्स्टावर लिहायला लागले, पाचपैकी तारे द्यायला लागले. पानाचं नावही ठेवलं, ‘चेलनाचे तारे’. पुढचं तुला माहीत आहे.

लिहायला बसले ते कामाचं एवढंच. परवा कपाट आवरताना तुझ्या नानांच्या कादंबरीची प्रत हातात आली. ‘दुपारची पॅसेंजर’. तू राखीला माहेरी पाचोऱ्याला गेली होतीस आणि परत जाताना वाट वाकडी करून जळगावला उतरून मला देऊन गेलीस, तीच प्रत. सहज पानांचे आकडे पाहिले. एकशेबारा पानानंतर एकदम एकशेएकोणतीस येतं, आणि मधली सोळा पानं त्याच्यापुढे लागली आहेत. बांधणाऱ्याने सोळा पानांचा एक फर्मा मागचा पुढे केला आहे. म्हणजे कादंबरीतली गोदाक्का मेल्यावर चहा करत नाही. ती चहा आधी करते आणि नंतर जाते. चूक नानांची नव्हती, बांधणीची होती. मी त्यावर जे वाक्य लिहिलं ते इथे पुन्हा लिहीत नाही, तुला पाठ असेल.

हे तू नानांना सांगशील का? माझ्यापेक्षा तुझ्याकडून कळलेलं बरं.

चेलना


जळगाव,
२४ जुलै २०२५

कामिनी,

पत्र परत आलं नाही, म्हणजे पोचलं असावं.

पहिलं पत्र टपालात टाकल्यावर घरी येऊन मी ते मनातल्या मनात परत वाचलं. ‘चूक बांधणीची होती.’ पोस्टमन गावात फिरतो आहे आणि माझी बाजू मांडतो आहे, असं वाटलं. म्हणून हे दुसरं.

बांधणाऱ्याने पानं उलटी लावली, पण ते वाक्य त्याने लिहिलं नाही. ते न लिहिता पुढे जाता येणार नाही, तेव्हा लिहिते. “लेखकमहाशयांनी गोदाक्काला मारलं खरं, पण तिला कळवायला विसरले.” खाली एक तारा. आणि त्याखाली पुन्हा, वाक्यं मध्येच तुटतात, लेखकाने एकदा स्वतःचं पुस्तक वाचून पाहावं, असंही.

वाक्यं तुटत नव्हती. एक पान संपून भलतंच सुरू होत होतं. साध्या डोळ्यांनी वाचणाऱ्याला तिथे ठेच लागली असती आणि त्याने आकडे पाहिले असते. मला ठेच लागली तेव्हा आनंद झाला. खरंच झाला. ऑगस्टपर्यंत माझी सवय अशी झाली होती की पुस्तक उघडलं की मी वाक्य शोधायचे. त्यातलं नाही, त्याच्यावर टाकायचं. चांगल्या पुस्तकावर लिहिलं तर चाळीस-पन्नास लोक बदाम पाठवायचे. वाईटावर लिहिलं की शेकड्यांनी यायचे. गोदाक्काचं वाक्य हाती लागल्यावर पुढची पानं मी नुसती उलटली. शेवट वाचलाच नाही.

गोदाक्का म्हणजे तुझी आई, लताकाकू, हे मला माहीत होतं. तू पुस्तक देताना म्हणाली होतीस, “यात आई आहे. नानांनी चार वर्षं लावली.” मग मी तसं का लिहिलं, हे तू फोनवर विचारलंस. तेव्हा मी जे उत्तर दिलं ते तुला आठवत असेल: वाचकाला स्वातंत्र्य असतं, ओळखीचा म्हणून मी कोणाला सूट देत नाही. खरं उत्तर असं की त्याच आठवड्यात कोणीतरी पानावर लिहिलं होतं, ‘मॅडम ओळखीच्यांना चार तारे देतात.’ मला ते फार लागलं होतं. मला दाखवायचं होतं की मी तशी नाही. आणि ते दाखवायला जवळचं माणूस सापडलं, ज्याच्याकडून उलट उत्तर येणार नाही अशी खात्री होती.

तू म्हणालीस, “पुस्तक कसंही असू दे चेलना, ती माझी आई आहे. काढून टाक.”

मी म्हटलं, “आता काढलं तर लोक म्हणतील दबावाखाली काढलं.”

तू म्हणालीस, “लोक कोण गं?” मी काहीतरी बोलले. आता आठवत नाही काय ते, पण तू फोन ठेवलास.

चेलना


जळगाव,
३ ऑगस्ट २०२५

कामिनी,

काल हितेंद्रभाऊंचा मेसेज आला. “पत्रं मिळाली. कामिनी वाचते. उत्तराची वाट पाहू नका.” तुझ्या नवऱ्याने एवढं तरी कळवलं, ते त्यांना शोभतं. वाट पाहणार नाही. पण तू वाचतेस हे कळल्यावर एक गोष्ट ठेवून देणं अवघड झालं आहे.

‘परवा कपाट आवरताना’ हे खोटं होतं. पानं उलटी आहेत हे मला गेल्या वर्षी, पर्युषणातच कळलं होतं.

नाना आमच्याकडे आले होते. तुला त्यांनी सांगितलं की नाही, मला ठाऊक नाही. पर्युषणाचा तिसरा किंवा चौथा दिवस होता, सकाळची वेळ. मी गच्चीवरून पाहिलं. नाना फाटकाशी उभे राहून पाटीवरचं नाव वाचत होते. पांढरा सदरा, काखेत कापडी पिशवी. रिक्षा कोपऱ्यावरच सोडली असावी, चालत आल्याने घाम पुसत होते. मला वाटलं, भांडायला आले.

मी खाली धावले. सासूबाईंना म्हटलं, “मी घरात नाही म्हणून सांगा.”

त्या म्हणाल्या, “बेटा, पर्युषणात मला खोटं बोलायला लावतेस?”

तेव्हा मी काय केलं असेल? आतल्या खोलीत गेले, आसन टाकलं, तोंडाला मुहपत्ती बांधली आणि सामायिकला बसले. तुला सामायिक माहीत आहे, हॉस्टेलवर मी बसायचे तेव्हा तू दार लोटून घ्यायचीस. पाऊण तास बसायचं, संसारातलं बोलायचं नाही, कोणी उठवत नाही. म्हणजे सासूबाईंना खोटं बोलावं लागलं नाही. त्या बाहेर गेल्या आणि म्हणाल्या, “सून सामायिकमध्ये आहे.”

नाना म्हणाले, “मग बसतो मी. पाऊण तासाचं असतं ना? आमच्या शेजारी लखीचंदशेठच्या घरी असतं, मला माहिती आहे.”

भिंतीपलीकडे ते आणि अलीकडे मी. त्यांनी पाणी घेतलेलं मला ऐकू आलं. सासूबाईंना त्यांनी उपास कसा चाललाय म्हणून विचारलं. मग पंखा तेवढा चालू होता. मी डोळे मिटून नवकार मोजत होते आणि एकही धड म्हणत नव्हते. वेळ संपली, तेव्हा मी उठले नाही. त्याच आसनावर दुसरं सामायिक घेतलं.

थोड्या वेळाने नानांची खुर्ची सरकली. “मला गाडी आहे,” ते म्हणाले. “एवढं पुस्तक तिला द्या. आणि ही केळी आहेत, मेहुण्याच्या मळ्यातली.”

ते गेल्यावर सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. मी अजून आसनावरच होते. त्या एवढंच म्हणाल्या, “सामायिक लपायला नसतं.” त्यानंतर दोन दिवस त्या माझ्याशी कामापुरतंच बोलल्या.

पुस्तक मी संध्याकाळी उघडलं. ‘दुपारची पॅसेंजर’चीच दुसरी प्रत होती. मला वाटलं होतं आत काही लिहिलेलं असेल, चिठ्ठी असेल. काही नव्हतं. नुसतं पुस्तक. दोन्ही प्रती शेजारी ठेवल्या आणि पाच मिनिटांत सगळं लक्षात आलं. नाना भांडायला आले नव्हते. प्रत बदलून द्यायला आले होते.

त्या संध्याकाळी मी ती पानं क्रमाने वाचली. गोदाक्काला डॉक्टरांनी उठायचं नाही असं सांगितलेलं. नवऱ्याची ड्यूटी. तो अंधारात हळूच कपडे घालतो, तिची झोप मोडू नये म्हणून. आणि स्वयंपाकघरात स्टोव्हचा आवाज येतो. तो तिला रागावतो. ती म्हणते, “बिनचहाचे तुम्ही कधी गेलात का?” तो चहा घाईघाईने बशीत ओतून पितो आणि निघतो. त्यानंतरच्या पानावर ती जाते. कामिनी, या दोन पानांना मी एक तारा दिला होता.

तेव्हाच पोस्ट काढायला हवी होती. काढली नाही. का नाही काढली, ते या पत्रात लिहवत नाही.

चेलना


जळगाव,
१४ ऑगस्ट २०२५

कामिनी,

का काढली नाही, ते तुला माझ्याइतकंच माहीत आहे. तू त्या सभागृहात होतीस.

धुळ्याच्या वाचक मंडळाचं बोलावणं मला नाना येऊन जायच्या आदल्या दिवशी आलं होतं. ‘एका चौमाशात साठ पुस्तकं वाचणारी गृहिणी’ असं पत्रिकेत छापणार होते. रोनकनी ती पत्रिका मिलमधल्या सगळ्यांना दाखवली. लग्न झाल्यापासून माझं नाव छापलेलं त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं असेल, मीसुद्धा. मंडळाच्या चिटणीसबाई फोनवर म्हणाल्या होत्या, “ते गोदाक्काचं जरूर सांगा हं. आमच्याकडे सगळ्या ग्रुपवर फिरतंय.” मला त्यांना सांगता आलं असतं, ते चुकलं आहे माझं. मी म्हटलं, “बघू.”

मधे संवत्सरी झाली. वर्षभरात ज्याला दुखावलं त्याची हात जोडून क्षमा मागायचा दिवस. मी काय केलं, तर फुलांचं चित्र असलेला ‘मिच्छामि दुक्कडं’चा मेसेज एका वेळी सगळ्यांना पाठवला. डाळीचे व्यापारी, मुलांच्या ट्यूशनच्या बाई, आणि त्यातच तू. तुझ्या नावापुढे दोन निळ्या रेघा आल्या. मला हलकं वाटलं. सगळं माहीत असून हलकं वाटलं.

धुळ्याला मी गोदाक्काचं सांगितलं. सगळ्यांत शेवटी सांगितलं, म्हणजे टाळ्या मिळतील. सांगताना थोडा अभिनयही केला, कप हातात घेतल्यासारखा. लोक हसले. हसणं उतरत असताना मागच्या रांगेत एक बाई उठली आणि दाराकडे गेली. पाठमोरी तू ओळखू आलीस, ती खांदा वर करून पर्स सावरायची तुझी सवय. तू आल्याचं मला ठाऊक नव्हतं. पण ठाऊक असतं तर सांगितलं नसतं, असंही मी छातीठोकपणे म्हणू शकत नाही.

मला वाटतं तू मला माफ करायला आली होतीस. दुसऱ्या कशाला येणार? मैत्रिणीचा पहिलाच कार्यक्रम होता, आणि तुझ्याच गावात.

त्या रात्रीच तू मला ब्लॉक केलंस. मी परतीच्या गाडीत नारळ आणि शाल मांडीवर घेऊन बसले होते. रोनक गाडी चालवताना मधेच ते वाक्य आठवून हसायचे. एरंडोल आलं तेव्हा मी त्यांना म्हटलं, बस करा आता. त्यांना कळलं नाही काय झालं ते.

दिवाळीनंतर मी पुस्तकं वाचणं थांबवलं. पानावर लिहिलं, थोडी विश्रांती घेते आहे. लोकांनी ‘लवकर या’ म्हणून लिहिलं. त्या मोसमातली जी पुस्तकं मी तारे देऊन मोकळी झाले, त्यांतल्या कितीतरींचे शेवट मला माहीत नाहीत. एकाला पाच तारे दिले होते, कारण लेखकाचं नाव मोठं होतं. त्याची निम्मी पानं अजून एकमेकांना चिकटलेली आहेत, तशीच.

चेलना


जळगाव,
३० ऑगस्ट २०२५

कामिनी,

दोन गोष्टी झाल्या, त्या सांगते.

पर्युषण लागलं त्या दिवशी मी पानावर सगळं लिहिलं. दोन्ही प्रतींचे फोटो टाकले. पानांचे आकडे दिसतील असे. लिहिलं की कादंबरी नीट आहे, माझी प्रत सदोष होती. हे मला आठवडाभरातच कळलं होतं आणि तरी मी धुळ्याला तेच सांगून लोकांना हसवलं. लेखक प्रत बदलून द्यायला घरी आले तेव्हा मी आत लपून बसले. त्याआधी रोनकना वाचायला दिलं होतं. ते म्हणाले, “लोक विसरले आता. कशाला उकरतेस? आणि लपलीस ते तरी काढ.” सासूबाई पलंगावर माळ ओढत होत्या. त्या मान वर न करता म्हणाल्या, “ते राहू दे.”

आधीची पोस्ट जिल्हाभर फिरली होती. ही कोणी पुढे पाठवली नाही. जे बोलले ते मात्र माझंच कौतुक करून गेले. ‘केवढा प्रामाणिकपणा.’ ‘असं मोठं मन लागतं, मॅडम.’ एका बाईंनी पाच तारे पाठवले, मला. मी ती सगळी बोलणी वाचली आणि जेवणावरचं मन उडालं. नानांच्या पुस्तकाबद्दल कोणी एक शब्द विचारला नाही. कुठे मिळेल, एवढंसुद्धा नाही.

दुसरी गोष्ट. काल मी पाचोऱ्याला जाऊन आले.

संवत्सरी होऊन गेली होती, पारणंही झालं होतं. यंदा मेसेज कोणालाच पाठवला नाही. सकाळच्या गाडीने एकटी गेले. नाना अंगणात कूलर उघडून बसले होते, जाळीतलं वाळलेलं गवत उपसत. मला पाहून त्यांनी चष्मा वर केला.

“ये. चपला आत काढ, इथली कुत्री नेतात.”

मी उभीच राहिले. वाटेत खूप काही ठरवलं होतं, त्यातलं एवढंच बाहेर आलं, “नाना, मी तुमचं पुस्तक वाईट वाचलं.”

“वाचलं बरोबरच तू. जसं बांधलं होतं तसं वाचलं.” ते परत गवत ओढायला लागले. “चार-पाच प्रतींत तसं झालं. मी प्रेसवाल्याकडे गेलो होतो. बाकीच्या मी फिरून बदलून आणल्या.”

“म्हणजे तुम्हाला तेव्हाच कळलं होतं?”

“तू लिहिलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी. माझी प्रत काढून पाहिली, ती तर नीट. मग समजलं, तुझ्या प्रतीची बांधणी चुकली.”

“मग तुम्ही लिहिलं का नाही तिथे? सगळे हसत होते तुमच्यावर.”

“लिहिलं असतं, तर ते तुझ्यावर हसले असते,” नाना म्हणाले. “तू कामिनीच्या वयाची. म्हटलं, घरी जाऊन प्रत देऊ. मग तुझं तू पाहशील काय करायचं ते.”

मी त्या दिवसाचं बोलायला तोंड उघडलं. त्यांनी हात वर केला.

“तू आत होतीस. माहीत शे माले. तुझ्या सासूबाईंना लपवता येत नव्हतं. पाणी देताना माझ्याकडे बघत नव्हत्या बिचाऱ्या.”

मग त्यांनी गवत बाजूला ठेवलं, हात झटकले आणि माझ्याकडे नीट पाहिलं. “तुला खरं सांगतो पोरी. एक तारा दिला त्याचं मला काही नाही. रेल्वेच्या पार्सल ऑफिसात जन्म गेला, लोकांच्या शिव्या ऐकायची सवय शे. लोक हसले त्याचंही जाऊ दे. पण मी भिंतीच्या या बाजूला बसलो होतो आणि तू दुसऱ्यांदा बसलीस. पहिली वेळ संपली तेव्हा मला वाटलं, आता येईल. मी उठून सदरा सारखा केला. तू काय समजलीस, मी तुला मारायला आलो होतो?”

मी रडले. ते बसून राहिले. मग मी म्हटलं, “मला माफ करा, नाना.”

“केलं,” ते म्हणाले. “पण आता सारखी सारखी मागू नको. मग मलाच तुझी समजूत काढत बसावं लागतं.”

मी त्यांना विचारलं, पुढे काही लिहिताय का. ते म्हणाले, नाही. त्यांनी दुसरं काही सुरू केलं होतं, जंक्शनवरच्या हमालांबद्दल, ते ठेवून दिलं. “हात उचलत नाही. लिहिलं की वाटतं, यात कोणाला काय हसायला सापडेल.” हे त्यांनी तक्रार म्हणून सांगितलं नाही. कूलरबद्दल बोलावं तसं सांगितलं. माफी मिळाली म्हणून मला जे काही हलकं वाटायला लागलं होतं, ते तिथेच संपलं. त्यांचं लिहिणं मी परत आणून देऊ शकत नाही. तारे देऊन नाही, माफी मागून नाही.

चेलना


जळगाव,
१ सप्टेंबर २०२५

कामिनी,

परवाच्या पत्रात एक गोष्ट लिहिली नाही. दोन दिवस विचार केला, लिहावी की न लिहावी. नानांनी लिहू नको असं सांगितलं आहे. मी त्यांचं ऐकत नाही, हे चूक की बरोबर ते तू ठरव.

पाचोऱ्याच्या तुमच्या घरात यंदा गणपती बसलेला नाही. कोनाडा पुसलेला होता, पाटही मांडलेला होता, मूर्ती नव्हती. मी विचारलं तेव्हा नाना म्हणाले, “आरास कामिनी करते दरवर्षी. ती दिवाळीपासून आली नाही.”

मला वाटलं, तू माझ्यामुळे, त्या हसण्यामुळे जात नसशील. मी तसं म्हणालेही. नानांनी नाही म्हणून मान हलवली. मग त्यांनी सांगितलं.

माझी पोस्ट फिरली त्या आठवड्यात तू त्यांना फोन केला होतास. तू फार चिडलेली होतीस. तू म्हणालीस, “नाना, छापायच्या आधी एकदा वाचून तरी पाहायचं. मेलेल्या आईला उठवून चहा करायला लावलात. सगळ्या जिल्ह्यात हसं झालं तिचं.” आणि नाना म्हणाले, “हो बेटा, चुकलं असेल माझं.” दिवाळीला तू गेलीस तेव्हा पुस्तकांचा गठ्ठा माळ्यावर टाकायला लावलास, त्यांनी टाकला. त्यानंतर तू गेली नाहीस.

मी म्हटलं, “तुम्ही तिला सांगितलं का नाही की चूक तुमची नव्हती? प्रत तर हातात होती तुमच्या.”

तर म्हणाले, “कसं सांगू? तिने वाचलं असतं, तर तिला आपोआप कळलं असतं. तिची प्रत चांगली शे, मीच वाचून दिलेली. मी सांगितलं असतं, तर तिला समजलं असतं की तिने वाचलं नाही हे मला समजलं.”

मग म्हणाले, “आईचं दुखणं आहे त्यात. नसेल वाचवलं तिला. मलाही लिहिताना चार वर्षं लागली.”

हे तुला लाजवायला लिहिलं असेल, असं तुला वाटू शकतं. तसं वाटलं तर मी काय म्हणणार? माझ्या वाक्यावर तू विश्वास ठेवलास, कारण ते मी लिहिलं होतं. तू मला वाचणारी समजत होतीस. तुझं त्यात एवढंच चुकलं. आणि मी नानांचं न ऐकता हे कळवते आहे, कारण गेलं वर्षभर मी एक गोष्ट पोटात घेऊन बसले होते, आणि तिने मला घरात कुठेच धड बसू दिलं नाही. तुझ्या घरी तसं काही असेल, तर नानांनी त्यांच्या बाजूचं दार उघडं ठेवलं आहे, एवढंच तुला ठाऊक असावं.

या पत्राचं उत्तर मला नको. हितेंद्रभाऊंनाही कळवायला लावू नकोस. मी आता लिहिणार नाही.

निघताना नाना फाटकापर्यंत आले. मी म्हटलं, कामिनीला काही सांगायचंय का. ते म्हणाले, बाकीचं काही बोलू नको, एवढंच सांग. ते त्यांच्याच शब्दांत देते.

“तिले सांगजो, वाचं नही तरी चाली. पन ये म्हना.”

चेलना